शत्रूच्या फौजेचं पाणी

पाण्याची शिट्टी मी वाजवली आणि सगळा खेळ जागच्या जागी थांबला. पाणी मात्र अर्धीच पोरं प्यायली.

आधी काम सांगतो. मी परभणीच्या एका शाळेत पी.टी.चा शिक्षक. त्या मे महिन्यात जिंतूरकडच्या टेकड्यांत एका संस्थेचा समर कॅम्प होता आणि मी तिथला सेफ्टी इन्चार्ज. पोरांना पळू द्यायचं आणि धडधाकट घरी पोचवायचं, हे माझं काम. खेळ गड जिंकायचा. टेकडीवर गडकरी, खाली शत्रूची फौज. कमरेचा रुमाल ओढला गेला की कैदी. कैद्यांनी गडावर फक्कीनं आखलेल्या चौकोनात बसायचं. पाण्याची शिट्टी झाली की कुणी गडकरी नाही, कुणी कैदी नाही. जवळ असेल ते पाणी सगळ्यांनी प्यायचं. आमच्याकडच्या उन्हात हा नियम मोडला तर पोर हातचं जातं.

चौकोनातलं एकही पोर उठलं नाही. समोर लिंबाखाली भरलेला रांजण.

“उठा रे, पाणी प्या.”

“सर, आमचं मडकं खाली हाय,” एक पोरगी म्हणाली.

रांजणापाशी स्वयंसेवक सोपानराव बसले होते. ते म्हणाले, “शत्रूचं पाणी खालीच ठेवलंय, सर. खेळाचा नियम हाय.”

“नियम मी लिहिलेत. हा कुणी घुसडला?”

ते अंगठ्यानं माती उकरत राहिले. मी चौकोनातले चेहरे पुन्हा पाहिले. टीम चिठ्ठ्या टाकून पाडा, असं मी सांगितलं होतं. शिबिरप्रमुख अण्णांनी त्या गल्लीवार पाडल्या. “ओळखीची पोरं एकत्र असली की सांभाळायला सोपं,” म्हणाले होते. शत्रूची सगळी फौज भीमनगरची, बौद्धांची पोरं. मडकी वेगळी ठेवता यावीत म्हणून फौजा वेगळ्या केल्या होत्या. गावातली घाण यांनी खेळात आणली आणि तिला नियम म्हणाले.

तेवढ्यात चौकोनात नववीतला नितीन आडवा झाला.

“फौज कुठं हाय सांगणार न्हाई,” तो पुटपुटला. “मारा मला. सांगणार न्हाई.”

गडकरी हसायला लागले. “लय भारी नाटक करायलाय!”

सोंगाच्या खेळात धोका हाच. खरं दुखणं सोंगच वाटतं. मी कपाळाला हात लावला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं ठणठणीत. घाम येतोय तोवर शरीर स्वतःला गार करत असतं. एवढ्या उन्हात पळून घाम आटला आणि पोर बरळायला लागलं, तर तो उष्माघात.

मी त्याला उचलून लिंबाखाली आणलं, सदरा काढला.

“थांबा सर, मी वरून वततो,” सोपानराव तांब्या घेऊन उठले.

पोराचा जीव चाललेला आणि यांना शिवाशिव सुचत होती. मी नितीनच्या डोक्याचा, खेळासाठी बांधलेला फेटा सोडला आणि आख्खा रांजणात बुडवला. त्याच्या छातीवर पिळला. पुन्हा बुडवला. मघाशी हसणाऱ्या पोरांना पुठ्ठ्यांनी वारा घालायला लावलं.

अण्णा धावत आले. आधी रांजण पाहिला, मग पोरगं.

“सर, विद्यापीठाच्या नामांतरावरून आधीच वातावरण तापलंय. हे कळलं तर गावातले पालक पोरं घेऊन जातील. कॅम्प मोडंल.”

“पोरगं मरायलंय, अण्णा.”

“तुमचा राग मी समजू शकतो. तुमी त्यांच्यातलेच.”

“मी सेफ्टी इन्चार्ज हाय. जीप काढा.”

जीप निघाली. जिंतूरच्या दवाखान्यात सलाईन लागलं, ओल्या चादरी झाल्या. संध्याकाळी नितीननं स्वतःचं नाव नीट सांगितलं. त्याची आई उशाशी बसली होती.

“सर, ह्याला शत्रू कुणी केलं हो?” तिनं विचारलं.

मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, “मंग घरीच बरा होता की. तिथं निदान पाणी तरी होतं.”

सकाळी लिंबाखाली नवा, कोरा रांजण बसवलेला होता. खालचं मडकं खालीच. मी शिट्टी गळ्यातून काढून अण्णांच्या टेबलावर ठेवली. “एक पाणी, नाहीतर खेळ नाही.”

अण्णांनी पाणी एक केलं नाही. दुपारी कॅम्प बंद केला. पालकांना कारण सांगितलं, ऊन.

आता कुणी कॅम्पच्या सेफ्टीबद्दल विचारलं तर दोर, फर्स्ट एडची पेटी या गोष्टी मी नंतर सांगतो. आधी पाणी किती ठिकाणी ठेवलंय ते बघा. दोन ठिकाणी असेल, तर का ते विचारा. उत्तर द्यायचं सोडून कुणी माती उकरू लागलं, तर पोरं घरी पाठवा.