भोंग्यातून एकदा, भोंग्याबिगर एकदा

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. चौथीत मास्तरांनी विनाकारण छडी मारली आणि मी पाटी तिथंच ठेवून घरी आलो, तो परत गेलो नाही. छडी विनाकारण होती हे मी आजही सांगतो.

देवानं अक्षर दिलं नाही, पण आवाज दिला. त्या आवाजावर मला कर्जत स्टेशनात पोर्टरची नोकरी लागली. गाडी आली की फलाटावरून डब्यांच्या कडेकडेनं "कर्जत! कर्जत!" ओरडत जायचं, एवढं काम. घाट चढायला मागून इंजिनं लागायची, ती धापा टाकत उभी असायची, आणि त्यांच्यावरूनही माझा आवाज शेवटच्या डब्यात ऐकू जायचा. झोपलेले उतारू धडपडून उठायचे. काही शिव्याही द्यायचे.

स्टेशनामागं नदीच्या अंगाला रेल्वेच्या लोकांचं टेनिसचं मैदान होतं. तांबड्या मातीचं, दगडी रूळ फिरवून गुळगुळीत केलेलं. एका वर्षी सुगी उरकल्यावर तिथं मार्कर लोकांचे सामने भरले. मार्कर म्हणजे जिमखान्यात पगारावर राहून साहेबलोकांना टेनिस शिकवणारे, त्यांच्याबरोबर खेळणारे. पगार घेऊन खेळतात म्हणून साहेबांच्या सामन्यांत त्यांना मज्जाव. मग त्यांनी आपले आपण सामने ठरवले. काही मुंबईचे, काही पुण्याचे, आणि दोघांना मधलं म्हणून कर्जत.

पंच म्हणून एक म्हातारा गार्डसाहेब होता. उंच खुर्चीवर बसायचा, हातात कागद. त्याचे कान शिट्ट्यांनी गेलेले, आवाज दम्यानं गेलेला, आणि मराठी त्याला "पानी लाव" एवढंच. लोकांना गुण कोण सांगणार? आमचे तिकीटबाबू म्हणाले, "आपला पोर्टर आहे की."

शेडमधल्या पत्रेवाल्यानं मला हातभर लांब भोंगा करून दिला. पहिल्यांदा तोंडाला लावून "कर्जत!" म्हणालो, तर नदीपलीकडच्या झाडांवरचे बगळे उठले.

नदीपलीकडं दहिवली. आणि दहिवलीत तेव्हा माझी बायको होती, माहेरी, दोन महिने झाले होते. हे आता सांगायलाच हवं.

तिच्या भावाचं लग्न होतं. नवरीचं गाव खालापूरच्या बाजूला, वऱ्हाड बैलगाड्यांनी जायचं होतं. ती एकुलती बहीण, म्हणजे करवली तीच. मी म्हणालो, "जायचं तर जोडीनं जायचं. मी रजा मागतो." आणि मागितली नाही. रजा तिकीटबाबूंच्या हातात, आणि त्यांच्यासमोर हात जोडून उभं राहायचं माझ्या जिवावर आलं. घरी येऊन सांगितलं, "रजा नाय मिळाली." वऱ्हाड निघून गेलं. तिच्या भावामागं करा घेऊन दुसऱ्याच कुणाची पोर उभी राहिली.

महिन्याभरानं बाबूंची बायको तिला विहिरीवर म्हणाली, "अगं, मागितली असती तर ह्यांनी दिली असती की रजा. ह्यांना माहीतच नव्हतं." त्या दिवशी ती घरी आली, हंडा ठेवला, भाकऱ्या केल्या, मला वाढलं आणि दहिवलीला निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

दहिवलीहून एक म्हातारी रोज स्टेशनावर दही विकायला यायची. तिच्याकडून बायकोनं निरोप धाडला. म्हातारी माझ्यासमोर पाटी उतरवून म्हणाली, "तुजी बायको सांगत्ये, 'माजं चुकलं' येवडं तुमी म्हना, मग मी येते."

मी म्हणालो, "मी तिला घालवली नाय. गेली तसं यावं तिनं."

"रं बाबा, एक शबूद हाय तो."

"शब्द एक असो का शंभर असोत."

दोन महिने मी स्वतः थापलेल्या भाकऱ्या खाल्ल्या. कशा होत्या ते विचारू नका.

सामने सुरू झाले. पंच गुण ज्याचा त्याच्या बाजूला हात करायचा, मी भोंग्यातून सांगायचो. "मुंबई पंधरा, पुणे काहीच नाही!" पंधरा, तीस, आणि मग पंचेचाळीस सोडून चाळीस. लोक मला विचारायचे, पाच कुठं गेले? मी दरडावून सांगायचो, "साहेबांनी ठेवले!" पण मनाशी खरं सांगतो, मी त्या लोकांसाठी ओरडत नव्हतो. भोंग्याचं तोंड मी नदीकडं धरायचो.

दुसऱ्या दिवशी दहीवाली म्हणाली, "तुजी बायको काल सकाळधरनं नदीवर धुनं धुतेय. येवडी कापडं हायत कुटं तिच्याकडं?"

त्या दिवशी मी जरा जास्तच ओरडलो.

आता माझी चूक. टेनिसात पहिला गेम झाला, मग तिसरा, मग पाचवा, की खेळाडू बाजू बदलतात. इकडचा तिकडं जातो. आम्हा रेल्वेच्या माणसांना हे पचत नाही. फलाटाचं घाटाकडचं टोक ते पुण्याचं, दुसरं टोक ते मुंबईचं. जन्म गेला तरी ते बदलत नाही. आणि मैदान अगदी रुळांना धरून होतं; सुरुवातीला मुंबईवाला मुंबईच्या टोकाला उभा राहायचा, पुणेवाला पुण्याच्या. दोघेही खेळाडू पांढऱ्या कपड्यांतले, लांबून सारखेच. मी नाव बघत नव्हतो, टोक बघत होतो. पहिले दोन दिवस बाजू बदलली की बाबू मागून माझा सदरा ओढायचे आणि मी सावरायचो.

तिसऱ्या दिवशी शेवटचा सामना. मुंबईचा एक तरणा मार्कर आणि पुण्याचा एक पन्नाशीचा, दाढीत पांढरं आलेला. पहिला गेम मुंबईनं घेतला. तेवढ्यात मेलगाडीला इंजिन लागायला काही घोटाळा झाला आणि बाबूंना स्टेशनात बोलावलं. बाजू बदलल्या. सदरा ओढायला कोणी नाही. मी टोक बघून ओरडत राहिलो.

"मुंबई दोन गेम, पुणे काहीच नाही!" थोड्या वेळानं, "मुंबई तीन, पुणे काहीच नाही!"

पुण्याचे चारदोन लोक ओरडले, "अरे ए, काय सांगतोस!" मी मनात म्हणालो, ओरडा. ओरडून स्टेशनाचं नाव बदलत नाही.

तिसऱ्या गेमनंतर पुन्हा बाजू बदलताना तो पुण्याचा मार्कर माझ्यापाशी थांबला. घामानं निथळत होता. हळूच म्हणाला, "दादा, मागचे दोन्ही गेम माझे आहेत."

चूक मला तिथंच उमगली. पण तोंड म्हणालं, "मी बघतोय की. माझं बरोबर हाय."

"पंचांच्या कागदावर बरोबर आहे, म्हणून मला त्याचं काही नाही." त्यानं कडेच्या कनातीकडं बघितलं, बायकांसाठी कापड लावलं होतं तिकडं. "माझी बायको आत बसली आहे. वीस वर्षं मी खेळतोय, तिनं कधी बघितलं नव्हतं. आज पहिल्यांदा आली. कनातीआडून तिला खेळ दिसत नाही, ती तुमच्या आवाजावर आहे. तिला वाटत असेल मी एकही गेम घेतला नाही."

आणि रागावला नाही तो. टॉवेलनं तोंड पुसलं आणि आपल्या जागेवर गेला. रागावला असता तर मी बधलो नसतो, माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

पंच कागदाकडं बघत बसला होता, त्याला कशाचाच पत्ता नव्हता. पुढचे गुण नुसते बरोबर सांगत गेलो असतो तरी चाललं असतं. लोक विसरले असते. पण मला ती कनात दिसायला लागली, तिच्यामागं एक बाई कान देऊन बसलेली. आणि नदीवर दुसरी एक बाई, तीही कान देऊनच बसलेली.

मी भोंगा तोंडाला लावला. घाईत तो दातांवर आपटला.

"ऐका! मागचे दोन गेम मी मुंबईचे सांगितले. ते पुण्याचे आहेत. पुणे दोन, मुंबई एक!" इथं थांबता आलं असतं. थांबलो नाही. "माझं चुकलं!"

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. मुंबईचा तरणा मार्कर हसायला लागला, "आता तरी नीट बघा रे बाबा!" कनातीमागून बांगड्या वाजल्या. पुण्याच्या माणसानं तिकडं बघितलं आणि पुढचा चेंडू जाळीत मारला.

हरला तो शेवटी. तरण्या पायांपुढं काय करणार? पण जेवढं त्याचं होतं तेवढं त्याच्या बायकोनं माझ्या तोंडून ऐकलं.

बक्षीस द्यायला साहेब आले, हार घातले, मला कोणी विचारलं नाही. मी तसाच निघालो. नदीला घोट्याएवढं पाणी होतं. पलीकडं चढून गेलो तेव्हा कळलं की भोंगा माझ्या हातातच आहे. दिवस अजून मावळायचा होता.

ती ओटीवर सुपात वाल निवडत बसली होती. मान वर केली नाही.

"ऐकलंस?" मी म्हणालो.

"आख्ख्या दहिवलीनं ऐकलं."

"मग?"

"ते त्या पुन्याच्या मानसाला म्हनलात. मला कुटं?" एक किडका वाल तिनं बाजूला टाकला. "पर येवडं समजलं, तुमच्या तोंडाला येतं ते."

मी भोंगा उचलून तोंडाशी नेला, देवाशपथ, खरंच नेला.

"तो ठेवा खाली," ती म्हणाली. आता तिनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ हसू दाबत होते. "मी काय शेवटच्या डब्यात बसलेय?"

मी भोंगा पायरीवर ठेवला. तिच्याजवळ वाकलो. मेलगाडीतल्या झोपलेल्या माणसांना उठवणारा माझा आवाज, तो निघेचना. कसाबसा निघाला तो इतका बारीक की माझा मलाच ओळखू आला नाही. रजा मी मागितलीच नव्हती, हे सांगितलं. खोटं बोललो, हे सांगितलं. आणि तो शब्दही म्हणालो.

आतून सासूनं हाक दिली, "जावई आल्याती का? काय म्हनतात गं?"

तिनं डोळे पदरानं पुसले आणि सूप बाजूला ठेवलं.

"काय नाय गं आये," ती म्हणाली, "पानी मागत्यात."

सासू तांब्या घेऊन आली. मला तहान नव्हती. मी दोन तांबे प्यालो.