शौ : आयुष्याचं अक्षर

"आरं, अक्षर हाय का कुस्ती ह्ये? हात कुठला, पाय कुठला, कायबी कळंना!" भानुदासनं कागद उलटा करून बघितला.

"तात्या, आधी धरला होता तसाच बरोबर होता," प्रल्हाद हसला. "चिनी अक्षर आहे. शौ म्हणतात. म्हणजे दीर्घायुष्य. गिऱ्हाइकाच्या आईला ऐंशी पुरी झाली."

"तिला ऐंशी झाली, आन् माजं ह्या म्हयन्यात खलास."

खलास म्हणजे व्हिसा. विट्याकडचा हा गडी दुबईपलीकडच्या रास अल खैमात बदरुद्दीनच्या बोर्डाच्या दुकानात सतरा वर्षं ब्रश धरून होता. अरबी वाचता येत नव्हतं, पण बाजारातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या. दोन हजार साली दुकानात स्टिकर कापायचं मशीन आलं, ते चालवायला प्रल्हाद आला, आणि भानुदासकडं ट्रकचे नंबर तेवढे उरले. बदरुद्दीननं सरळ सांगितलं, "भानू, हाथ का बड़ा काम दिखाओ, तो व्हिसा लगेगा. नहीं तो कॅन्सल." गावाकडं मीनाक्षी आठवड्यातनं दोनदा सांगलीला डायलिसिसला जायची. पगार थांबला की तेही थांबणार होतं.

तेवढ्यात हा फर्निचरवाला लियांग आला. "मशीन नो. हॅन्ड," म्हणाला. लाल फळीवर सोनेरी शौ पाहिजे.

भानुदासनं आपल्या रिवाजानं केलं. चौकडी पाडली, पेन्सिलीनं कडा काढल्या, आत तीन हात रंग भरला, ब्लेडनं कडा तासल्या. "मशिनीच्या तोंडात मारंल असं झालंय का न्हाई?" प्रल्हादनं मान डोलावली.

लियांग आईला घेऊन आला. म्हातारीनं फळीसमोर उभं राहून बोटानं हवेत अक्षर गिरवायला घेतलं. वरची रेघ गेली, दुसरी गेली, आणि बोट अडलं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच अडलं.

"माँ पूछता, हाथ किधर से गया?" लियांग म्हणाला. "ये लिखा नहीं. ये भरा है."

म्हातारीनं डबाभर पाणी आणि रुंद ब्रश मागितला. अंगणातल्या सिमेंटवर उकिडवी बसली आणि लिहायला लागली. ब्रश दाबला तिथं रेघ जाड, उचलला तिथं बारीक. नांगर वळवताना बैल थांबत नाही, हळू होतो, तशी कोपऱ्यावर हळू झाली. पाणी सरलं तिथं रेघ फाटली; ती तिनं तशीच ठेवली. शेवटी खाली एक ठिपका. तोवर उन्हानं पहिली रेघ वाळूनही गेली होती.

"एक बार. पीछे नहीं जाना," लियांगनं सांगितलं. "कल सुबह आएगा. शाम को खाना है."

भानुदासनं दुपारचं जेवण सोडलं. प्रल्हाद पेपर पसरत गेला, तो लिहीत गेला. सतरा वर्षं हाताला थांबून कड बघायला शिकवलेलं. हात दर वळणावर थांबायचा.

"तात्या, श्वास सोडा की!"

"सोडला तर ब्रश हलतोय, आन् धरला तर हात लाकूड हुतोय. करू काय?"

पन्नासाव्या कागदाच्या पुढं कुठंतरी एक अक्षर उठून बसलं. त्यानं पुढचा कागद ओढला.

सकाळी सगळे जमले. नवी लाल फळी एकच होती. भानुदासनं ब्रश बुडवला आणि न थांबता गेला. म्हातारीचं बोट हवेत त्याच्या मागोमाग चाललं. तोंडावरची सुरकुती न सुरकुती हलली. शेवटचा ठिपका पडला. रंग जास्त झाला होता. ठिपक्यातनं दोन बोटं लांब ओघळ खाली आला.

भानुदासनं खांद्यावरचं फडकं ओढलं, ओघळ टिपला आणि ब्रशच्या टोकानं ठिपक्याची कड सारखी केली. काय केलं हे त्याला नंतर कळलं.

म्हातारीचं बोट खाली आलं.

"क्यों पोंछा?" लियांग म्हणाला. "वो अच्छा था."

"दुसरा लिखता मैं! इसको पलटी करके लिखता, अभी के अभी!"

लियांगनं आईला विचारलं. ती थोडंच बोलली आणि दाराकडं वळली.

"पोंछा हुआ उमर, माँ घर में नहीं लगाता."

बदरुद्दीन ओरडला नाही. "तीस तारीख तक जो काम है, निपटा दो," एवढंच म्हणाला.

"तात्या, मी बोलतो शेठशी."

"काय बोलनार तू? फडकं काय त्यानं वडलं?"

बाहेर ट्रकवाल्या अन्वरनं हॉर्न दाबला. त्याला आज पासिंगला जायचं होतं. "यल्ला, जल्दी, भानूभाई! नंबर!"

भानुदासनं ब्रश तेलात धुतला, काळ्या रंगाचा डबा उघडला, ट्रकच्या मागं पोतं टाकून बसला आणि फाळक्यावर पट्टी धरून पेन्सिलीची सरळ रेघ मारली.