तुकडेताईंचे तरंगणारे जिवाणू

प्रयोगशाळेत तिला सगळे तुकडेताई म्हणत. तिचं कामच तसं होतं. जिवाणूंमधली जनुकं उचलायची, त्यांच्या दोन्ही टोकांना ठरलेले सांधे बसवायचे, म्हणजे कुणीही, कुठेही, कुठल्याही दुसऱ्या तुकड्याला ती खटकन जोडावीत. जोडायच्या आधी टोकं कापावी लागतात. त्यासाठी कात्रीसारखं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं आणि ते डीएनएची ठरावीक अक्षरं दिसली की कापतंच. नेमकी तीच अक्षरं जनुकाच्या पोटात निघाली, की तुकड्याचे दोन तुकडे!

यंदा तिने तळ्यातल्या एका जिवाणूची जनुकं घेतली होती. हा पठ्ठ्या अंगात हवेच्या इवल्याशा कुप्या तयार करतो आणि पाण्यावर आरामात तरंगतो. प्रयोगशाळेतल्या साध्या, तळाला बसणाऱ्या जिवाणूंना तिला हीच कला शिकवायची होती.

"नको त्याच्या नादी लागूस," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. "पोटात कात्रीच्या खुणा आहेत, शिवाय जनुक एक नाही, चांगली रांगच आहे."

पण तुकडेताई हट्टाला पेटली. एकेक अक्षर असं बदललं की प्रथिन तेच राहावं आणि कात्री मात्र फसावी. सांधे बसवले, जनुकं साध्या जिवाणूत घातली, नळ्या उभ्या करून ठेवल्या. सकाळी बघते तर सगळे तळाला, गाढ झोपलेले! पुन्हा केलं, पुन्हा तळाला. घरी येऊन ती आमटीत मीठ घालायला विसरू लागली, तर कधी दोनदा घालू लागली. सासूबाई घासागणिक पाणी पीत.

एके दिवशी भांडी घासताना तिच्या डोक्यात उजेड पडला. जनुकं बरोबर होती, पण ती चालू करणारं बटण अजून तळ्यातल्या जिवाणूचंच होतं! साध्या जिवाणूला ती भाषा कळणार कशी? तिने जुनं बटण काढलं आणि सगळीकडे चालणारं, सगळ्यांच्या ओळखीचं बटण जोडलं.

सकाळी नळी बघितली. खाली स्वच्छ पाणी आणि वर सायीसारखा पांढरा थर.

तुकडेताईने काचेची भांडी धुणाऱ्या मावशींना धरलं आणि जागच्या जागी गरगर फिरवलं. "अगं पडेन मी!" मावशी ओरडल्या, पण हसत हसत त्याही फिरल्या. मग तिने घरी फोन लावला.

"आई, तरंगले! तरंगले!"

सासूबाईंना जरा कमी ऐकू येई. "कोण बुडालं?"

"कोणी नाही बुडालं! तरंगले!"

"अगं बाई, मग वाचले का?"

मॅडम मात्र नळी उजेडात धरून म्हणाल्या, "छान. पण हे तुझ्या हातचं झालं. दुसऱ्याच्या हातून झालं, तर तुकडा खरा."

तुकडा दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथला संशोधक इतका धांदरट की बोलताना त्याचा चष्मा नेहमी चहात पडायचा. तुकडेताईने आशाच सोडली. आणि एका दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी नुसतं छत दिसलं, मग त्याचा कान, आणि मग एक नळी. वर थर होता, तोही लालचुटूक!

"ताई, मी माझा लाल रंगाचा तुकडा तुमच्या तुकड्याला लावला," तो म्हणाला. "काही खटपट नाही हो, पटकन बसला!"

तुकडेताई हसू लागली, मग तो हसू लागला, मग मागून मॅडमही. हसता हसता तिला उचकी लागली.

त्या दिवशी ती घरी उड्या मारत आली. नवऱ्याने विचारलं, "काय गं, पगारवाढ?"

"त्याहून भारी! माझा तुकडा परक्या घरी नांदतोय!"

सासूबाईंनी हट्टच धरला, "मला बघायचेत ते." दुसऱ्या दिवशी नवरा त्यांना घेऊन आला. आत जायची परवानगी नव्हती, म्हणून तुकडेताईने पांढऱ्या थराची नळी काचेच्या दाराशी धरली. सासूबाईंनी काचेला नाक लावलं, डोळे बारीक केले, आणि दाराशी बसलेल्या पहारेकऱ्याला हाक मारली.

"ए दादा, इकडे ये. आमच्या सुनेने तरंगवलेत. बघ तरी!"

पहारेकरी उठून आला. मग दोघं काचेला नाक लावून उभे राहिले.