ओन्डिनीच्या फाटकाशी

आमचे हे, मुरलीधरपंत, लिक्सलिपच्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. आयर्लंडमध्ये बावीस वर्षं काढली, पण कुठेही गेले की अजून पुण्याहून तपासणीला आल्यासारखे वागतात. हा माणूस प्रवास करत नाही, ठिकाणं 'कव्हर' करतो. एक्सेल शीट करून.

यंदा दक्षिण आफ्रिकेचा नंबर लागला. निघण्याआधी त्यांच्या विभागातली नोमुसा घरी आली. ती उलुंडीची, झुलू राजांच्या जुन्या राजधानीच्या गावची. तिच्या व्हिसाच्या कागदपत्रांचं घोंगडं भिजत पडलेलं, त्यामुळे चार वर्षांत आईचं तोंड पाहिलेलं नाही. आईकडे साधा फोन.

"आई तुम्हाला ओन्डिनीच्या फाटकाशी भेटेल," ती म्हणाली. "दोन मिनिटांचा व्हिडिओ आणा. बस्स."

"ग्रँड, नो टेन्शन," पंत म्हणाले आणि शीटमध्ये ओळ घातली: मंगळवार, दहा ते सव्वादहा, नोमुसाची आई.

ओन्डिनी म्हणजे राजाची वस्ती. गवताची घुमटासारखी घरं, दारं इतकी ठेंगणी की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. पंत वाकले नाहीत. "ह्याला राजधानी म्हणायचं? आपला रायगड बघ," बाहेरूनच निकाल. इंग्रजांनी ही वस्ती जाळली तेव्हा भाजून कडक झालेल्या घरांच्या मातीच्या जमिनी अजून दिसतात. रायगडही इंग्रजांच्याच तोफांनी जळला होता, पण पालथ्या घड्यावर पाणी कोण ओतणार? मी फोटो काढत राहिले. सव्वादहाला पंतांनी घड्याळ पाहिलं.

"आली नाही. ह्या लोकांना टाइमची व्हॅल्यूच नाही." आणि आम्ही पुढचं ठिकाण कव्हर करायला निघालो.

परतल्यावर नोमुसाला त्यांनी तेच जरा गोड करून सांगितलं. आईचा फोनही लागत नव्हता; आजारी तर नसेल, या काळजीने तिचा चेहरा उतरला. निदान गाव तरी पाहील म्हणून आमच्या मराठी मंडळात पंतांचं या प्रवासावर फोटोंसह व्याख्यान होतं त्या रविवारी मी तिला बोलावलं.

पडद्यावर ओन्डिनीचं फाटक आलं. मधोमध कमरेवर हात ठेवलेले पंत. कडेला, अर्धवट कापली गेलेली, विटकी शाल पांघरलेली म्हातारी. हातात पिशवी, बाकावरून अर्धवट उठलेली.

"ह्या आजीबाईंना फोटोत यायची हौस बघा," पंत म्हणाले. सगळे हसले.

नोमुसाला मराठी कळत नाही. ती उठली, पडद्याजवळ गेली आणि त्या शालीवर हात ठेवला.

"ही माझी आई," ती म्हणाली.

पंतांना गाडीतून उतरणारी, नीटनेटकी आई अपेक्षित होती. बाकावरची म्हातारी त्यांच्या शीटमध्ये बसत नव्हती.

"ती तर उठलीय," नोमुसा म्हणाली. "मग बोलली का नाही तुमच्याशी?"

पंतांना खरंच माहीत नव्हतं, त्यांची तिच्याकडे पाठ होती. मला माहीत होतं. ती फ्रेममध्ये येत होती, म्हणून हाताने 'बाजूला व्हा' अशी खूण मीच केली होती. आणि ती बिचारी मुकाट्याने खाली बसली होती.