परवानगीवाला

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या जिल्ह्यातल्या एका डोंगरपायथ्याच्या गावात जनसुनावणी झाली. तीत प्रकल्पाची परवानगी मागणाऱ्या कंपनीच्याच माणसाने कंपनीच्या अहवालातली एक ओळ चुकीची आहे, असं सांगितलं. सुनावणीची बातमी मी दिली होती. त्या माणसाविषयी तिच्यात एकच वाक्य होतं.

तो बोलायला उठला, असं मी तेव्हा लिहिलं. ते बरोबर नव्हतं. तो बसलेला नव्हताच. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. वर्ध्यात बसस्टँडसमोरच्या टपरीवर तो रोज भेटे. गाडीवर एक पाय टाकून उभा राही, किल्ली बोटात फिरवी आणि सारखा "निघतो मी" म्हणे. मग आणखी एक चहा सांगे.

कंपनीच्या कागदांवर तो संपर्क अधिकारी होता. गावांमध्ये त्याला परवानगीवाला म्हणत. त्याच्या गाडीचा आवाज आला की बायका एकमेकींना सांगत, "आला पाहा परवानगीवाला. चहा देऊ नका वो, सांडवते."

तो चहा सांडवी, कारण योजना समजावण्याची त्याची तीच रीत होती. योजना दोन तलावांची. एक डोंगरावर, एक खाली. वीज स्वस्त असेल तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं; वीज कमी पडली की तेच पाणी खाली सोडून वीज तयार करायची. तो कपातला चहा बशीत ओती, बशीतला पुन्हा कपात. "पाणी कुठी जात नाई. वर चढते, खाली येते. बस."

एकदा एक म्हातारा सगळं लक्ष देऊन पाहत होता. तो म्हणाला, "अन् बाप्पा, मंग पिवाचा कवा?"

सगळे हसले. तोही हसला आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

तो त्याच गावातल्या गवळी घरातला. आई लवकर गेली, मावशीने वाढवलं. आधी जामच्या चौरस्त्यावर ट्रॅक्टर विकायचा. गावकरी ज्याला ओट्यावरून हाकलणार नाहीत असा माणूस कंपनीला हवा होता, तो तिला मिळाला. मावशी त्याला मुद्दाम साहेब म्हणे. "या साहेब. आज कोणाची सही पाह्यजे तुमाले?"

वरचा तलाव ज्या खडकाळ माळावर व्हायचा होता, त्याला गावात बरड म्हणतात. सरकारी नकाशात ती पडीक जमीन आहे. होळीनंतर तिथे पाण्याचा थेंब नसतो, म्हणून जनावरं खाली नाल्यावर असतात. मृगानंतर गवत उगवलं की गावाच्या गवळाऊ गाई वर जातात, त्या दिवाळीत गायगोधनाच्या सणाला सजवण्यासाठीच खाली उतरतात. गावात हे कोणी कोणाला सांगत नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं कोणाला वाटतच नाही.

सर्वेक्षणाचं पथक आलं ते वैशाखात. पावसाळ्यात काळ्या मातीत जीप चढत नाही, म्हणून वेळ त्यानेच सुचवली होती. पथकाला वर घेऊनही तोच गेला. त्या लोकांनी फोटो काढले, मातीचे नमुने घेतले, सावलीला बसून टरबूज खाल्लं आणि उतरले. अहवालात लिहिलं गेलं : सदर क्षेत्राचा चराईसाठी वापर आढळून आला नाही.

अहवालाचा मराठी सारांश सुनावणीआधी ग्रामपंचायतीत आला. सारांश वाचून दुसऱ्या दिवशी तो टपरीवर आला. त्या दिवशी चहा सांगितला नाही.

"मले वाटलं ते विचारतीन," तो म्हणाला. "त्यायले वाटलं मी सांगीन."

"मग आता?"

"आता काय? कागदावर ढोरं नाईत, त पर्यायी चराई द्याचा सवालच नाई. बरड जाईन, बदल्यात काईच नाई."

तो नागपूरला व्यवस्थापकांकडे जाऊन आला. सुनावणीची नोटीस निघाली होती. पावसाळ्याचा अभ्यास नव्याने करायचा तर वर्ष जाणार होतं. "गावाला समजावणं हेच तर तुमचं काम," असं त्याला सांगण्यात आलं. परवानगी आल्यावर नोकरीत कायम करू, हेही.

त्याच आठवड्यात मी गावात गेलो तेव्हा तो मावशीच्या अंगणात उभा होता. ती गोठा झाडत होती.

"साहेब, त्या कागदात माह्या गाई काऊन नाईत?"

"सुनावणीत बोलजो न तू, मावशी."

"मी बोलली त लिहितीन काय? अन् तू? तू कायले हाय मंग तिकडं?"

"निघतो मी," तो म्हणाला, आणि खरोखरच निघून गेला.

जनसुनावणीत परवानगी दिली जात नाही आणि नाकारलीही जात नाही. प्रत्येकाचं म्हणणं लिहून घेतात, शेवटी सगळ्यांसमोर मराठीत वाचून दाखवतात, आणि ते दिल्लीच्या तज्ज्ञ समितीकडे जातं. शाळेच्या मैदानात मंडप होता. मावशी बोलली. उत्तरादाखल अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराने पडद्यावर फोटो दाखवले. उन्हात तापलेला मोकळा बरड.

मागून कोणीतरी ओरडलं, "उन्हाळ्यात त शाळेतबी कोणी नसते! शाळाबी बुडवता काय?"

हशा ओसरला तेव्हा तो मंडपाच्या खांबाजवळून बोलला. "साहेब, ढोरं राह्यतात तिथी. पावसाळाभर. या पथकाले उन्हाळ्यात मीच नेलतं."

सुनावणीच्या अध्यक्षस्थानी असलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे कंपनीचं म्हणणं म्हणून लिहू, की तुमचं?"

"कंपनीचं नाही," व्यवस्थापक म्हणाले.

"माह्यं लिहा."

"पत्ता?"

पत्ता त्याने मावशीच्या घराचा दिला.

"बस आता लेका खाली," बायकांमधून मावशी म्हणाली. तो बसला नाही. नोंदी वाचून होईपर्यंत खांबाला धरून उभा होता.

त्याच महिन्यात कंपनीने त्याला कामावरून कमी केलं. समितीने प्रस्ताव परत पाठवला आणि पावसाळ्यातला अभ्यास मागितला. यंदा श्रावणात नवं पथक आलं. अर्धी वाट ट्रॅक्टरने, उरलेली पायी. बरडावर गाई होत्या. त्यांची नोंद झाली, फोटो निघाले. सोबत कंपनीचा नवा माणूस होता.

वर्ध्याजवळ सावंगीतली भाड्याची खोली त्याने हिवाळ्यातच सोडली होती. मावशीला त्याचा फोन येतो. कुठून, ते ती सांगत नाही.

गाईंची नोंद झाल्याचं कळवायला मी त्याच्या जुन्या नंबरवर फोन केला. तो नंबर आता अमरावतीच्या एका बाईंकडे आहे.

"दादा, हा नंबर घेतला तवापासून कोणी ना कोणी विचारूनच राह्यलं, परवानगीचं काय झालं," त्या म्हणाल्या. "तुमाले मालूम असंन त सांगून द्या. मी सांगत जाईन त्यायले."

नवा अहवाल अजून समितीकडे गेलेला नाही, एवढं मी त्यांना सांगितलं.