समुद्रकाठचं देऊळ आणि आईची सही

बस साडेआठला सुटणार होती आणि सव्वाआठ वाजून गेले तरी आईला साडीची पिन सापडत नव्हती. मी हॉटेलच्या खोलीच्या दारात उभी राहून घड्याळ बघत होते. खांद्यावर पर्स आणि पर्समध्ये तो फॉर्म. खरं सांगायचं तर बस चुकली असती तरी मला काही वाटलं नसतं. मला घाई त्या फॉर्मची होती. आईचं मुंबईचं विमान त्याच दिवशी संध्याकाळी होतं, आमचं डेट्रॉइटचं दुसऱ्या दिवशी, आणि त्याआधी त्या कागदावर तिची सही व्हायला हवी होती.

२००७ सालचा मे महिना. नवऱ्याची अथेन्सला कॉन्फरन्स होती आणि आईचे अमेरिकेतले सहा महिने संपत आले होते. तेव्हा अथेन्सपर्यंत तिला सोबत न्यावं, दोन दिवस हिंडवावं आणि तिथूनच विमानात बसवून द्यावं, असं आम्ही ठरवलं. मुलीची शाळा बुडायला नको म्हणून तिला आमच्या गावी, ॲन आर्बरला, मैत्रिणीकडे ठेवलं होतं. निघताना तिने आजीला 'बाय आजी, कम बॅक सून' म्हटलं आणि आजीने तिच्या गालावरून हात फिरवला.

आता फॉर्मबद्दल. बाबा गेल्यापासून आई नागपूरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होती. मी आदल्या वर्षी सिटिझन झाले आणि शपथ घेऊन घरी आल्यापासून माझ्या डोक्यात एकच भुंगा होता, आईचं ग्रीन कार्ड. नोव्हेंबरात ती आली, जेट लॅग उतरला न उतरला तोच मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. सगळं मीच भरलं होतं. फक्त एका फॉर्मवर तिची सही हवी होती.

"आई, इथे एवढी सही कर."

"बघू," आई म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

डिसेंबरात पुन्हा विचारलं. बाहेर गुडघाभर बर्फ होतं, बस स्टॉपवर विद्यार्थी गोठून उभे होते, आणि आई खिडकीतून त्यांच्याकडे बघत म्हणाली, "बघू गं, घाई काय आहे?" मार्चमध्ये मी तिला फोटो काढायला घेऊन गेले. ती गेली, केसही विंचरले. माझ्या मते ते जवळजवळ 'हो'च होतं. एप्रिलमध्ये म्हणाली, "अथेन्सला जातोय ना आपण, तिथे निवांत बघू." मी खूश. वरच्या मजल्यावरची खोली रंगवून घेतली, फार मऊ नाही असा पलंग शोधून आणला.

पंधरा वर्षं अमेरिकेत काढली की माणूस शब्दाला शब्द धरून ऐकायला लागतो. ऑफिसात कुणी 'वी विल सी' म्हणालं तर मी लगेच कॅलेंडरवर पुढच्या मीटिंगची तारीख टाकते. आईच्या 'बघू'चंही मी तेच केलं होतं.

शेवटी पिन सापडली, बसही सापडली. वीसेक माणसं होती. गाईड पन्नाशीची बाई, हातात मिटलेली पिवळी छत्री, आवाज शाळेच्या हेडबाईंसारखा. सकाळी निघून जेवायच्या वेळेला परत, मध्ये समुद्राच्या देवाचं देऊळ, असा कार्यक्रम. ही सहल मी आईसाठीच निवडली होती. ती शाळेत भूगोल शिकवायची. हा समुद्र, ती बेटं, तिने तीस वर्षं फळ्यावर काढली होती. समुद्र बघून ती खुलेल, मग सही करेल, असा माझा हिशेब होता.

ती खुललीही. काचेला नाक लावून बसली. रस्ता किनाऱ्याकिनाऱ्याने जात होता आणि प्रत्येक वळणावर ती म्हणायची, "हे बघ, मी हा भाग नेहमी सरळ काढायची. केवढा वाकडा आहे!" मी हं हं करत होते आणि पर्सची चेन उघडत होते, लावत होते. आता काढू का? इथे बस हलतेय, सही वेडीवाकडी येईल. देवळाशी काढू. नाही, तिथे उन्हात कुठे लिहिणार? नवऱ्याने माझ्या हातावर हात ठेवला. "अगं, रिलॅक्स कर ना यार. त्या करतील सही."

गाईड मध्येच फोनवर बोलत होती. हसत हसत सारखं 'नै, नै, नै' चाललं होतं.

"किती नाही म्हणते ही बाई," आई म्हणाली. "आणि हसतेय काय?"

फोन ठेवून गाईडने इथल्या एका जुन्या राजाची गोष्ट सांगितली. राजाचा मुलगा दूर लढायला गेला होता. जिंकलास तर परत येताना पांढरं शीड लाव, असं ठरलं होतं. मुलगा जिंकला पण विसरला, जुनं काळंच शीड राहिलं. कड्यावरून वाट बघणाऱ्या बापाला वाटलं, पोरगा गेला, आणि त्याने समुद्रात उडी टाकली. बसमधले सगळे हळहळले. आई मात्र चिडली. "एवढं जिंकून आला आणि शीड बदलायचं लक्षात नाही? वा रे पोरगा!"

दीड तासाने बस थांबली. टेकडीवर पांढरे खांब उभे होते, छप्पर नाही, भिंती नाहीत, मागे नुसता निळा समुद्र. खाली एक कॅफे होता आणि तिथून वर पायवाट जात होती. वाट काही फार चढाची नव्हती, पण खडबडीत होती, आणि आईचे गुडघे त्या हिवाळ्यात फार दुखले होते. गाईडने छत्री वर केली, सगळ्यांना गोळा केलं आणि आईपाशी येऊन इंग्रजीत विचारलं, "मॅडम, तुम्ही वर येणार की इथे बसणार?"

आईने टेकडीकडे पाहिलं. मग गाईडला वाईट वाटू नये म्हणून तोंडभर हसून, शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "वुई विल सी."

"अर्थातच! सगळेच बघणार!" असं म्हणत गाईडने तिचा दंड धरला आणि ती निघालीच. आई दोन पावलं ओढली गेली. ती गाईडकडे बघून हसत होती आणि मागे वळून माझ्याकडे बघत होती.

माझं डोकंच फिरलं. सकाळपासून साचलेला सगळा वैताग मी त्या बाईवर काढला. "सोडा तिला! तिला यायचं नाहीये!"

"पण त्या म्हणाल्या, वुई विल सी."

"आमच्याकडे त्याचा अर्थ 'नाही' असा होतो! समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात. हे कुणीही..."

मी आईकडे बघितलं. आईने नजर खाली वळवली आणि पदर सारखा केला.

गाईडला आमच्यातलं काही कळलं नाही. ती खळखळून हसली. "आमच्याकडे याच्या उलटं. आम्ही 'नै' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ 'हो' असतो." नवऱ्याला ते फार आवडलं. दोघं हसत हसत माणसांबरोबर वर गेले आणि आम्ही मायलेकी कॅफेच्या टेबलाशी बसलो. कॉफी मागवली. मी बसले, उठले, खुर्ची सावलीत सरकवली, पुन्हा बसले.

"आई, 'बघू' म्हणजे नाही होतं का गं? नोव्हेंबरपासून?"

"तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, तू विचार करतेयस."

"विचार काय करायचाय? नाही म्हटलं असतं तर तू रडली असतीस. म्हणून बघू म्हणत होते." ती कॉफीत साखर ढवळत राहिली. "तू लहान होतीस तेव्हा सायकल मागायचीस, मी बघू म्हणायची. तेव्हा बरं कळायचं तुला."

"पण का नाही? काय कमी पडलं तुला आमच्याकडे?"

"काही कमी नाही पडलं. सगळं होतं."

"मग तिकडे एकटी राहून काय करणार आहेस?"

आईने चमचा बशीत ठेवला. "एकटी मी तुमच्याकडे होते, बाई. तुम्ही आठला जायचात ते सहाला यायचात. तुझी मुलगी माझ्याशी इंग्रजीत बोलायची, मी समजल्यासारखी हसायची. तिकडे सोसायटीत पाणी कधी सोडायचं ते मी ठरवते. दिवसातून चार जण भांडायला येतात. तुझ्याकडे सहा महिन्यांत कुणी माझ्याशी भांडलं नाही."

मला राग आला. हो, रागच आला. डोळ्यांत पाणी आलं तेही रागाचंच होतं. मी म्हटलं, तू पडलीस तर? बाथरूममध्ये पाय घसरला तर? मला वीस तास लागतात यायला. बाबांच्या वेळी मी पोचले नाही, पुन्हा तेच होऊ देऊ का? मी बोलत सुटले होते आणि शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघत होती. आईने मला बोलू दिलं. मग पर्समधून चष्मा काढला, लावला आणि हात पुढे केला.

"आण तो कागद."

"कशाला?"

"सही करते. तुझ्या जिवाला घोर नको. आण."

आता मला सगळं ठाऊक होतं. 'राहू दे आई' एवढंच म्हणायचं होतं, त्याला असा किती वेळ लागतो? मी पर्सची चेन उघडली. फॉर्म काढला, टेबलावरचा कॉफीचा थेंब रुमालाने पुसला, कागद सपाट केला.

"कुठे?" आईने विचारलं.

मी बोट ठेवलं. "इथे."

तिने सावकाश, सुवाच्य अक्षरात सही केली, प्रगतिपुस्तकावर करायची तशी. तारीखही घातली. मग पेनाचं टोपण लावून समुद्राकडे बघत बसली. "हा भाग मात्र मी बरोबर काढायची," ती म्हणाली.

तासाभराने नवरा घामाघूम होऊन खाली आला. खांबांवर लोकांनी आपापली नावं कोरून ठेवलीयत, शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची, असं सांगत होता. कॅमेऱ्यात फोटो दाखवत होता. तेवढ्यात त्याचं लक्ष टेबलावरच्या कागदाकडे गेलं.

"अरे वा! झाली सही? मग आई, येताय ना कायमच्या आमच्याकडे?"

आई हसली. "नै," ती म्हणाली, अगदी गाईडच्या सुरात.

नवरा हसून हसून लोटपोट झाला. त्याने ते जाऊन गाईडला सांगितलं, गाईडने टाळ्या वाजवल्या. परतीच्या वाटेवर बसमध्ये सगळे आईला 'नै, मॅडम, नै' म्हणत होते आणि ती मान डोलावत होती. मी खिडकीशी बसले होते. देऊळ मी जवळून पाहिलंच नाही.

संध्याकाळी विमानतळावर मी आईला वाकून नमस्कार केला. तिने मला उठवून जवळ घेतलं, फॉर्मचं नाव काढलं नाही. मीही नाही.

ॲन आर्बरला आल्यावर तो फॉर्म मी पाठवलाच नाही, असं सांगायला मला आवडलं असतं. आठ दिवस तो पर्समध्ये होता. रोज ऑफिसला जाताना मी पोस्टाच्या पेटीवरून जायचे आणि रोज परत घेऊन यायचे. एकदा नवऱ्याला सगळं सांगावं असंही वाटलं, पण तो 'त्या तर हो म्हणाल्या होत्या' असं म्हणाला असता. नवव्या दिवशी मी गाडी थांबवली, उतरले आणि लिफाफा पेटीत टाकला. आईला यायचं नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. पण मला आई हवी होती.