चाळीस श्री आणि एक पाटी

सत्तरच्या दशकात मी सांगलीच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो. आमच्याकडे सगळ्या कामांना एकच मुदत असे: उद्या. गिऱ्हाइकंही समजूतदार, ती परवा यायची. या सुखी संसारात मालकांनी एक दिवस पाटी टांगली. ज्यानं शब्द दिला त्यानं काय, किती आणि कधी हे तिच्यावर स्वतः लिहायचं, खाली सही करायची. अडचण आली तर कळल्याबरोबर सांगायची. मुदत उलटल्यावर सांगितली तर तिला सबब म्हणायचं.

लग्नसराईत तासगावकडचा एक जवान रजेवर आला. रविवारी त्याचं लग्न. गुरुवारी पत्रिका मिळाल्या तरच सायकलवरून गावोगाव वाटून होणार होत्या.

"आवं, पत्रिका हातात पडली न्हाई तर चुलतं यायचं न्हाईत," तो म्हणाला. "रुसायला टपूनच बसल्यात."

मी पाटीवर लिहिलं : गुरुवार, सकाळी दहा, दोनशे पत्रिका. खाली कलेक्टरला शोभेल अशी सही केली.

बुधवारी सकाळी जुळवायला बसलो आणि पाचव्या चुलत्यापाशी 'श्री'चा खण रिकामा झाला. सगळे श्री एका पुढाऱ्याच्या सत्काराच्या पत्रकात अडकले होते. चाळीस स्वागतोत्सुक, प्रत्येकाला एक; सत्कारमूर्तींना एकट्याला तीन. आणखी चार नावं यायची आहेत म्हणून त्या जुळवलेल्या खिळ्यांचा फर्मा सोमवारपासून तसाच बांधून ठेवलेला.

जुन्या सवयीनं मनात आलं, गप्प बसावं आणि उद्या मशीन बिघडल्याचं सांगावं. पण पाटी समोरच होती. मालकांना सांगितलं.

"शब्द द्यायच्या आधी खण बघायचा असतो, गड्या," ते म्हणाले आणि त्यांनी पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याला बोलावणं धाडलं.

तो आला. "नावं आज देतो की!"

"किती वाजता?"

"देतो म्हटलं न्हवं!"

मालकांनी खडू पुढे केला. भिंती रंगवण्यात मुरलेल्या हातानं त्यानं लिहिलं : आज, दुपारी दोन. सही केली. त्याच्यादेखत मालकांनी खाली जोडलं : न आल्यास फर्मा सोडणार.

दोन वाजले. मालकांनी शिष्टाचार म्हणून पंधरा मिनिटं दिली. मग मी एकेका स्वागतोत्सुकाचा श्री उपटून खणात टाकू लागलो. छापखान्यातल्या नोकरीत इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

पाच वाजता कार्यकर्ता चाराऐवजी सात नावं घेऊन आला. "फर्मा कुठाय?"

मी पाटीकडे बोट केलं. तो बराच वेळ वाचत राहिला.

"अक्षर तर माझंच हाय," तो म्हणाला. "सही बी." मग त्याला हसू फुटलं. "बरं, आता कवा?"

'उद्या' जिभेवर आलं होतं, ते गिळलं. आधी श्री मोजले, मग लिहिलं : शनिवार, दुपारी बारा.

गुरुवारी साडेनऊलाच जवान हजर. गठ्ठा बांधून तयार होता. त्यानं एक पत्रिका काढून चुलते मोजले.

"आवं, खरंच झाल्या की!" हे तो इतक्या आश्चर्यानं म्हणाला, की आम्हाला अभिमान वाटावा की लाज, ते कळेना. त्यानं खडू घेऊन माझ्या ओळीखाली 'मिळाल्या' असं लिहिलं, पाटीला कडक सलाम ठोकला आणि सायकलवर टांग मारली.

रविवारी लग्नाला गेलो. झाडून सगळे चुलते आले होते. पंगतीत ते बसण्याच्या जागेवरून रुसले, पण ते काम आमच्याकडे नव्हतं.